कालव्याकाठची पागा, भिंतीचा लोणा आणि बोट ओढणारा घोडा

काका, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. लेक-जावयाने इंग्लंडमधल्या चेशायरमध्ये कालव्याला लागून असलेलं जुनं विटांचं घर घेतलंय. दारावर 'स्टेबल्स', म्हणजे पागा, अशी पाटी आहे. तुमची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, तरी कालव्यावर घोड्यांचं काय काम ते तुम्हाला उमगेना. एक घोडा २५ टनांची बोट ओढायचा असं लॉकजवळच्या फलकावर वाचलंत, तेही पटलं नाही. शिवाय घराच्या आतल्या भिंतींना कमरेपर्यंत ओल दिसते, पांढरी पूड सुटते, गिलावा फुगून पडतो. ठेकेदार म्हणतो, भिंतीत भोकं पाडून रसायन भरू आणि वरून सिमेंटचा गिलावा करू. करू द्यावं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: करू देऊ नका, काम थांबवा. का ते खाली येईलच. पण त्याआधी घोडा समजून घ्यावा लागेल, कारण तुमच्या लेकीच्या भिंतीतला लोणा, म्हणजे ती पांढरी पूड सोडणारे क्षार, त्या घोड्यानेच ठेवलेला आहे.

मी गेली एकवीस वर्षं इंग्लंडमध्ये जुन्या वीट-चुन्याच्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते. त्यातल्या बऱ्याचशा कालव्याकाठच्या असतात: गोदामं, लॉक सांभाळणाऱ्यांची घरं, पागा. उन्हाळ्यात सवड काढून घोड्याने ओढायच्या एका बोटीवर स्वयंसेवक म्हणूनही जाते. माझं माहेर वाईचं. आजोळच्या वाड्याला पागा होती, घोडे जाऊन दोन पिढ्या झालेल्या. तिथल्या भिंतीला हात लावला की पांढरं पीठ बोटाला यायचं. आजी म्हणायची, "लोणा लागलाय, पुसू नकोस." इंग्लंडमधली पहिली पागा पाहिली तेव्हा ती भिंत मी लगेच ओळखली.

आता कालव्याकडे येते. तुम्ही जन्मभर सांभाळलात तो वाहता कालवा. मुठेचा असो की नीरेचा, त्याला उतार दिलेला असतो, कारण पाणी शेतापर्यंत जायला हवं. इंग्लंडमधले हे कालवे मालवाहतुकीसाठी खणले, आणि ते समपातळीत खणले. दोन लॉकमधला पट्टा म्हणजे एक लांबच लांब हौद समजा. पातळी बदलायची तिथे लॉक, म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला छोटा हौद, बांधायचं आणि बोट पाण्याबरोबर वर चढवायची किंवा खाली उतरवायची. पाणी जवळजवळ स्थिर असल्यामुळे घोड्याला जाताना आणि येताना सारखाच जोर लागतो. नदीत तसं होत नाही. तिथे प्रवाहाविरुद्ध जाताना माणसांची आणि जनावरांची फरपट व्हायची.

घोड्याच्या ताकदीचा हिशेब इंजिनिअर मंडळी पूर्वीपासून मांडत आली आहेत, आणि तो तुम्हाला आवडेल. पाठीवर ओझं लादलं तर घोडा जेमतेम सव्वाशे किलो नेतो. चिखलाच्या कच्च्या रस्त्यावर गाडीला जुंपला तर अर्ध्या टनाच्या थोडं वर. खडीच्या पक्क्या रस्त्यावर दोन टन, लोखंडी रुळांवर आठ टन, नदीतल्या बोटीत तीस, आणि ऐसपैस कालव्यात पन्नास टनांपर्यंत. घोडा तोच, बदललं ते फक्त पायाखालचं आणि मालाखालचं. इंग्लंडच्या मध्यभागातल्या अरुंद कालव्यांवरची बोट सुमारे २१ मीटर लांब आणि जेमतेम २.१ मीटर रुंद असते. तिच्यात २५ ते ३० टन कोळसा मावतो. तेव्हा फलकावरचा आकडा अगदी बरोबर आहे.

यात अट एकच, वेगाची. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट केला की विरोध चौपट. म्हणून बोटीचा घोडा ताशी तीन-चार किलोमीटरच चालायचा, माणसाच्या चालीने किंवा त्याहून थोडं हळू. त्या संथ चालीने देशाचं अर्थकारण पालटलं. १७६१ मध्ये ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरच्या वर्स्ली इथल्या खाणींपासून मँचेस्टरकडे कालवा सुरू झाला. त्यावर जेम्स ब्रिंडली या इंजिनिअरने काम केलं होतं. त्या कालव्याने मँचेस्टरमधला कोळशाचा भाव निम्म्यावर आला. पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत सगळ्या देशभर कालव्यांचं जाळं विणलं गेलं आणि त्या जाळ्यावरचं जवळजवळ सगळं ओझं घोड्यांनी, खेचरांनी, काही भागांत गाढवांच्या जोड्यांनी ओढलं.

ओढण्याची सुरुवात कशी होते ते एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. मी पहिल्यांदा घोडी धरली तेव्हा शिकवणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी बजावलं होतं की तिला हाकायचं नाही आणि घाईही करायची नाही. दोर पाण्यात सैल पडलेला असतो. घोडी दोन पावलं पुढे टाकते, दोर पाण्यातून वर येतो, त्यातून पाणी ठिबकतं, मग तो ताणला जाऊन करकरायला लागतो. इथे घोडी थांबत नाही आणि हिसकाही देत नाही. मान खाली घालून ती गळ्यातल्या कॉलरवर सगळं अंग टाकते आणि तशीच राहते. मागचे खूर जमिनीत रुततात. बोट ढिम्म असते. मनात दहा आकडे मोजावेत इतका वेळ जातो आणि मग लक्षात येतं की काठावरचं गवत मागे सरकतंय. एकदा बोट चालती झाली की घोडीचं अंग मोकळं होतं आणि ती आरामात चालते. नवखा घोडा हिसका मारतो, दोर तोडतो, घाबरतो. ही अंग टाकून उभं राहण्याची समज चांगल्या बोटीच्या घोड्याची खरी किंमत असायची. ताकद त्यानंतर.

लॉकमधून निघताना बोट जड आणि जागा कमी, म्हणून तिथे एक हिकमत असायची. बोटीच्या छोट्या डोलकाठीला कप्पी अडकवायची. दोराचं टोक लॉकच्या काठावरच्या हुकात घालून कप्पीतून काढायचं आणि दुसरं टोक घोड्याकडे. त्यामुळे घोड्याला निम्मा जोर लागायचा. बोट पुढे सरकली की दोरावरची लाकडी खुंटी कप्पीत अडकायची, हुकातलं टोक आपोआप सुटायचं आणि ओढ थेट बोटीवर यायची. हे सगळं घोडा न थांबता व्हायचं. थांबवण्यासाठी मात्र घोडा निरुपयोगीच, कारण दोराने ओढता येतं, ढकलता येत नाही. त्यासाठी लॉकपाशी लाकडी खुंट रोवलेले असत. बोटीवरचा माणूस दोराचे वेढे खुंटाला देऊन बोट हळूहळू आवरत असे. जिथे जुने खुंट टिकले आहेत तिथे त्या वेढ्यांच्या खोल खाचा बोटाने चाचपता येतात.

खाचांवरून आठवलं. तुमच्या लेकीच्या घरापासून जो पहिला जुना पूल लागेल त्याखाली, घोड्याच्या वाटेच्या बाजूचा कोपरा बघा. या वाटेला इथे टोपाथ म्हणतात. कोपऱ्यावर लोखंडी पट्टी असेल आणि तिच्यावर तिरप्या खाचा असतील, काही अंगठा बसेल इतक्या खोल. आपल्याकडे विहिरीच्या काठच्या दगडाला पोहऱ्याच्या दोराने खाचा पडतात, तसंच हे. सुती दोर भिजायचा, वाटेवरची वाळू-माती त्याला चिकटायची आणि तो कानशीसारखा लोखंड कापत जायचा. दगड फार लवकर कापला जातो म्हणूनच तर त्यावर लोखंडी पट्ट्या बसवल्या. सव्वाशे-दीडशे वर्षांच्या रहदारीची ती नोंद आहे. कोणी पूल रंगवताना त्या खाचा भरून काढल्या की मला खरंच वाईट वाटतं.

पुलांचे आकारही घोड्यावरून ठरले. टोपाथ काही ठिकाणी कालव्याच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर जातो. तिथे घोड्याला पूल ओलांडावा लागणार, मग दोर पुलाभोवती अडकणार. यावर मॅक्लेसफील्ड कालव्यावर सुंदर तोडगा काढलाय: पुलाचा उतार गोल वळवून त्याच पुलाच्या कमानीखालून नेलाय. घोडा वर चढतो, पलीकडे उतरतो, वळसा घेऊन पुलाखालून निघतो आणि दोर एकदाही सोडावा लागत नाही. लोक त्यांना सर्पपूल म्हणतात. स्ट्रॅटफर्ड कालव्यावर वेगळीच युक्ती आहे. पूल दोन्ही काठांवरून निघालेल्या दोन अर्ध्या भागांचा केलाय आणि मध्ये दोर जाईल एवढीच फट ठेवली आहे.

बोगद्यांत मात्र घोड्याची गाडी अडली. सुरुवातीच्या बोगद्यांमध्ये टोपाथ ठेवायची ऐपत नव्हती, कारण जितका बोगदा रुंद तितका खर्च. ट्रेंट आणि मर्सी कालव्यावरचा हेअरकासलचा पहिला बोगदा १७७७ मध्ये खुला झाला. लांबी सुमारे २.६ किलोमीटर आणि आत चालायला वाट नाही. बोट आत शिरली की माणसं फळीवर उताणी पडायची आणि भिंतीवर किंवा छतावर पाय रोवून 'चालत' बोट पुढे ढकलायची. घोडा तेवढ्या वेळात डोंगरावरून पलीकडे. किड्सग्रोव्ह गावात त्या वाटेचं नाव आजही बोटहॉर्स रोड आहे. शेजारी टेलफर्ड या इंजिनिअरने १८२७ मध्ये टोपाथसह दुसरा बोगदा पुरा केला तेव्हा कुठे घोडे आतून जाऊ लागले. पेनाइन डोंगरातल्या स्टँडेज बोगद्याची लांबी तर पाच किलोमीटर. भरलेली बोट पायांनी ढकलत न्यायला सुमारे तीन तास लागायचे. मी त्या बोगद्यात गेले आहे, अर्थात इंजिनाच्या बोटीने. खडकातून गळणारं पाणी मानेवर पडत होतं, आणि तीन तास उताणं पडून भिंतीवर चालणाऱ्या माणसाच्या कमरेचं काय होत असेल हा विचार बाहेर आल्यावरही सुटला नाही.

घोडे पाण्यातही पडायचे. लंडनच्या रीजंट कालव्याच्या काठाशी, कॅम्डनच्या बाजूला, पाण्यात उतरत जाणारे दगडी उतार दिसतात. आगगाडीच्या आवाजाने बिथरून घोडा कालव्यात पडला तर त्याला पोहत तिथपर्यंत नेऊन चालत वर काढता यावं यासाठी ते केलेले आहेत. उभ्या भिंतीवरून पाचशे-सहाशे किलोचं भिजलेलं जनावर कोण उचलणार? माणसाच्या जिवालाही धोका असायचाच. आम्ही पर्यटकांना आजही पहिली सूचना देतो ती अशी: ताणलेला दोर आणि पाणी यांच्या मध्ये कधीही उभं राहायचं नाही. वळणावर दोर काठावरून आडवा सरकतो आणि माणसाला सरळ कालव्यात लोटतो.

आता थोडं विषयांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८३४ च्या ऑगस्टमध्ये एडिंबराजवळच्या युनियन कालव्यावर जॉन स्कॉट रसेल नावाचा तरुण इंजिनिअर घोड्यांनी वेगात ओढलेली एक बोट बघत होता. बोट एकाएकी थांबली, पण तिच्या नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, उसळलेलं पाणी थांबलं नाही. सुमारे ९ मीटर लांब आणि फूट-दीड फूट उंच अशी एकच गोल, गुळगुळीत लाट कालव्यातून तशीच पुढे निघाली. रसेल घोड्यावर बसून तिच्या मागे गेला. ताशी आठ-नऊ मैलांनी ती जात होती आणि मैल-दोन मैल गेल्यावर वळणावळणांत दिसेनाशी झाली. या एकट्या लाटेचं गणित १८९५ मध्ये कोर्टेवेग आणि द फ्रीस यांनी मांडलं. आज तिला सॉलिटॉन म्हणतात आणि ऑप्टिकल फायबरच्या अभ्यासातही ती भेटते. वेगाबद्दल मी वर जे म्हटलं त्याला यात एक मजेदार अपवाद लपला आहे. त्याच सुमारास ग्लासगो-पेस्ली कालव्यावर हलक्या, निमुळत्या प्रवासी बोटी घोडे चौखूर उधळवून ओढल्या जात होत्या. उथळ पाण्यात लाटेचा स्वतःचा एक ठरलेला वेग असतो. बोट तो ओलांडून गेली की लाटेवर स्वार होते आणि विरोध उलट कमी होतो. पण तसे घोडे फार वेळ दौडू शकत नाहीत. दर काही मैलांवर ताजी जोडी तयार ठेवावी लागायची, म्हणजेच दर काही मैलांवर पागा.

चेशायरकडचं उदाहरण घेते. श्रॉपशायर युनियन कंपनीच्या फ्लायबोटी, म्हणजे जलद मालबोटी, रात्रंदिवस न थांबता जायच्या. चीज, किराणा, तयार माल असा नाशिवंत किंवा मोलाचा माल त्यात असायचा. चार माणसं आळीपाळीने काम करायची आणि झोपायची. माणसं बोटीत झोपू शकत, घोडा झोपू शकत नाही. म्हणून टप्प्याटप्प्यावर घोडे बदलत. बनबरी इथल्या जोडलॉकच्या, म्हणजे एकाला एक लागून असलेल्या दोन लॉकच्या, कडेला त्या फ्लायबोटींच्या घोड्यांची लांबलचक पागा अजून उभी आहे. लेकीकडे परत जाल तेव्हा ती नक्की पाहा. जागा लॉकशेजारीच का, हे तुम्ही विचारलं होतं. लॉक भरायला-रिकामं व्हायला बोट तशीही थांबतेच. त्या वेळात दमलेला घोडा सोडून ताजा जोडता येतो. शिवाय लॉक सांभाळणारा माणूस तिथे राहतच असतो, त्याची नजर पागेवर राहते. याच हिशेबाने पागा जिथे दोन कालवे मिळतात तिथे, बोगद्याच्या तोंडाशी आणि धक्क्यांवर सापडतात. कालव्याकाठच्या जुन्या दारूगुत्त्यांच्या मागच्या अंगणातही एक तरी पागा असायचीच. रात्री घोड्याला ठाण मिळालं तरच बोटवाला तिथे मुक्काम करणार.

रेल्वे आल्यावर मालवाहतुकीचं भाडं इतकं पडलं की काठावरचं घर परवडेनासं झालं आणि कितीतरी बोटवाल्यांनी बायकापोरांसह बोटीवरच बिऱ्हाड केलं. मागच्या टोकाला सुमारे तीन मीटर लांबीची एकच खोली, त्यात सगळा संसार. घोड्यामागे चालायचं काम बहुतेक पोराकडे. चालता चालता खाता यावं म्हणून घोड्याच्या तोंडाला पत्र्याचा तोबरा अडकवलेला असायचा, आणि तो तोबरासुद्धा बोटीसारखाच हौसेने रंगवलेला. ओढीच्या दोरांनी घोड्याचं अंग सोलवटू नये म्हणून त्या दोरांत रंगीत लाकडी मणी ओवायचे. माश्यांसाठी कानांवर बायकांनी विणलेल्या टोप्या. बैलपोळ्याला आपण बैल सजवतो, तर इथे रोजच. घोडा गेला की कमाई गेली हे त्या पोरालाही कळत असणार.

आता घरात येऊ. जमीन उघडी असेल तर तिच्या विटा बघा. निळसर-काळ्या, काचेसारख्या टणक विटा असतील, बहुधा स्टॅफर्डशायरच्या. त्यांवर चौकोनी खाचा असतात, त्यामुळे नालाची पकड बसते आणि मूत वाहून जातं. मध्ये किंवा कडेला उथळ पन्हळ असेल. दाराच्या चौकटीच्या विटांचे कोपरे गोल असतील, कारण घोडा वळताना त्याचा पुठ्ठा तिथे घासतो. भिंतीत उंचावर हवेसाठी फटी किंवा भोकाच्या विटा असतील. माडीवर वैरण. माडीच्या जमिनीत भिंतीलगत बुजवलेली चौकोनी जागा दिसली तर तिथून गवत खाली गव्हाणीत टाकत. पोटमाळ्याला कालव्याच्या बाजूला दार असेल तर तिथून बोटीतली वैरण आणि ओटांची पोती थेट वर घेत. घोड्याची चंदीही कालव्यानेच येत असे. बर्मिंगहॅममध्ये महापालिकेने १८७४ मध्ये बांधलेली एक मोठी पागा-कोठारांची इमारत आहे, नालाच्या आकाराची. राउंडहाउस म्हणतात तिला. घोड्याच्या इमारतीची आखणी किती विचाराने होत असे हे तिथे कळतं. एक प्रशस्त अंगण, भोवती गोलाकार ठाणं, गाडी आत वळवायला भरपूर जागा.

आणि भिंत. तुमच्या लेकीच्या त्या खोलीत शंभर वर्षं तरी रोज घोडे उभे राहिले असतील. एक घोडा दिवसाला कित्येक लिटर मुतायचा. ते जमिनीत आणि विटांच्या सांध्यांत मुरायचं. त्यातल्या युरियाचा अमोनिया होतो आणि जिवाणू त्याचे नायट्रेटचे क्षार करतात. आपल्याकडे गोठ्यांच्या, पागांच्या जमिनीतून सोरा काढत, तो याच प्रक्रियेतून. हे क्षार हवेतलं पाणी ओढून घेतात. दमट दिवशी ते विरघळतात आणि भिंत ओली दिसते. कोरड्या दिवशी पुन्हा गोठतात, गिलाव्याच्या आत फुगतात आणि त्याला फोडून बाहेर येतात. तीच तुमची पांढरी पूड. ठेकेदाराने ओल मोजायचं यंत्र भिंतीला लावून मोठा आकडा दाखवला असेल. ते यंत्र विजेच्या वहनावरून ओल ठरवतं, आणि क्षारांतून वीज छान वाहते. त्यामुळे त्या आकड्यावरून जमिनीतून पाणी चढतंय असं सिद्ध होत नाही. एक साधी पडताळणी करा: ओलीचे डाग पावसाळी, दमट दिवशी वाढतात आणि हीटर लावलेल्या कोरड्या थंडीत मावळतात का, हे महिनाभर तारखा टाकून लिहून ठेवा. तसं होत असेल तर ओल हवेतली आहे.

रसायनाची भोकं पाडून यातलं काहीच सुटणार नाही, क्षार जिथल्या तिथे राहतील. सिमेंटचा गिलावा त्याहून वाईट. तो भिंतीला श्वास घेऊ देत नाही, क्षार त्याच्यामागे साठतात आणि मग गिलाव्याबरोबर मऊ जुन्या विटांचा पापुद्राही निघतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत अशाच एका पागेत मालकाला घाई होती आणि मी जिप्समच्या गिलाव्याला होकार दिला. दुसऱ्या हिवाळ्यात कमरेइतका पट्टा सुटून पडला आणि त्यासोबत गव्हाणीच्या खुणा असलेल्या विटांची तोंडंही गेली. ते नुकसान भरून येत नाही.

करायचं ते असं. आधी बाहेरून खात्री करा: पन्हळ गळतेय का, बाहेरची जमीन आतल्या जमिनीपेक्षा उंच झालीय का. असेल तर ते आधी दुरुस्त करा. मग आतला सिमेंट किंवा जिप्समचा गिलावा ओलीच्या वर अर्धा मीटरपर्यंत हलक्या हाताने काढा. पूड कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा आणि घराबाहेर टाका. पाण्याने धुवू नका, धुतलं की क्षार परत आत जातात. भिंत काही महिने उघडी ठेवा आणि पुन्हा पुन्हा झाडा. त्यानंतर चुन्याचा मऊ, सच्छिद्र गिलावा करा. क्षार त्याच्यात येऊन बसतील आणि दहा-पंधरा वर्षांनी तो गिलावा बदलावा लागेल. तो बळी द्यायचाच थर आहे, विटा वाचवण्यासाठी. वर चुन्याचाच रंग द्या, प्लास्टिकचा नको. खोलीतली आर्द्रता एकसारखी राहील असं बघा, कपडे तिथे वाळत घालू नका. जिथे रोजच्या वापरात पूड अजिबात नको असेल तिथे भिंतीपासून सुटं, मागे हवा खेळती राहील असं लाकडी अस्तर करता येतं. आणि हे सगळं करण्याआधी इमारत संरक्षित यादीत आहे का ते स्थानिक काउन्सिलकडे विचारा. असेल तर परवानगीशिवाय गिलावाही काढता येणार नाही.

घोडे कधी गेले, हेही तुम्ही विचारलंत. एका झटक्यात गेले नाहीत. श्रॉपशायर युनियनने १९२१ मध्ये मालवाहतूक सोडली. रीजंट कालव्यावर ट्रॅक्टर आले आणि १९५६ मध्ये घोड्याने ओढलेला शेवटचा माल गेला. बर्मिंगहॅमच्या आसपास छोट्या पल्ल्याच्या कोळशाच्या बोटी घोडे १९६० च्या दशकातही ओढत होते. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे कित्येक आठवडे गोठून राहिले आणि उरलीसुरली वाहतूकही मोडली. पूर्वी अशा वेळी वीस-वीस घोडे जुंपून बर्फ फोडायची बोट ओढत आणि आतली माणसं मधल्या दांडीला धरून ती दोन्ही बाजूंना डोलवत. १९६२-६३ मध्ये मात्र तेवढे घोडेच उरले नव्हते. आज लँगोलेन, टिव्हर्टन आणि गॉडलमिंग इथे प्रवाशांना घेऊन घोड्याच्या बोटी चालतात. तिघांपैकी कुठेही जा, पण बोटीत बसण्याआधी घोडा दोर ताणून उभा राहतो तो क्षण काठावरून बघा.

जावयाला माझा एक निरोप द्या. गिलावा काढल्यावर विटांमध्ये लाकडी खुंट्यांची भोकं, गंजलेली कडी किंवा गव्हाणीची आडवी खाच दिसली तर ती बुजवू नका. सगळ्यांत आधी मोजपट्टी शेजारी धरून फोटो काढा. कडी भिंतीतून हलत असली तरी उपटू नका, तिच्याभोवतीचा सांधा फक्त चुन्याने भरा. आणि भोकं जमिनीपासून किती उंचीवर आहेत ते मला कळवा. त्यावरून तिथे घोडे होते की खेचरं, याचा कधीकधी अंदाज बांधता येतो.